बेरीज न करण्याची विद्या

पुणे हे विद्येचे माहेरघर आहे, असे पुण्याबाहेरचे लोकही अधूनमधून नाइलाजाने मान्य करतात. येथे कोश झाले, व्याकरणे झाली, पंचांगाचे वाद झाले. पण गेल्या वीस-तीस वर्षांत या शहराने मुळा-मुठेच्या काठावर जी एक विद्या पूर्णत्वाला नेली, तिचा अजून साधा सत्कारही झालेला नाही. नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या बालगंधर्व रंगमंदिरात रोज कोणाला ना कोणाला शाल-श्रीफळ मिळते. या कर्तृत्वाचे मात्र कोणाला स्मरण होत नाही. ही विद्या बेरीज न करण्याची आहे. एका नदीवर पन्नास कामे करायची, प्रत्येक कामाचा परिणाम स्वतंत्रपणे आणि काटेकोरपणे मोजायचा, त्याचा जाडजूड अहवाल बांधून घ्यायचा, आणि ते पन्नास अहवाल एकमेकांना कधी भेटणार नाहीत अशी चोख व्यवस्था ठेवायची.

ती भेट घडावी असा आग्रह परिसंस्थांचा अभ्यास करणारी काही मंडळी धरतात. त्यांचे म्हणणे असे की, कोणत्या प्रकल्पाने आपल्याला किती त्रास दिला याचा हिशेब नदी ठेवत नाही. तिला सगळे एकदमच सोसावे लागते. धरणाने पाणी अडवले, भिंतीने पात्र आवळले, नाल्याने मैला आणला, रात्रीच्या डंपरने राडारोडा टाकला, आणि यांतला प्रत्येक जण ‘माझे एवढेसेच’ म्हणाला, तरी मासा मरतो तो एकूणामुळे. हे एकूण मोजण्याला ते ‘संचयी परिणामांचे मूल्यांकन’ म्हणतात. ज्या गोष्टीचे नाव उच्चारतानाच धाप लागते, ती कोणाकडून सक्तीने करून घेणे अमानुष होईल.

सुदैवाने आपल्याकडे कायदे माणुसकीने केले जातात. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना पाहावी. तिला जोडलेल्या ‘नमुना १’ या अर्जात जमीन, पाणी, कचरा, आवाज, धोके असे प्रश्नांचे विभाग ओळीने येतात. नवव्या, म्हणजे अगदी शेवटच्या विभागात, चौथ्या क्रमांकाला विचारले आहे की, आसपासच्या चालू किंवा नियोजित प्रकल्पांसोबत मिळून या प्रकल्पाचे संचयी परिणाम होतील काय. पुढे रकाना: होय किंवा नाही. ज्या विषयावर परदेशांत विद्यापीठांची खाती चालतात तो आपण एका रकान्यात बसवला, आणि तो भरण्याचे काम कोणा तिऱ्हाइताला न देता प्रकल्प ज्याचा त्यालाच दिले. आपल्या प्रकल्पाबद्दल त्याच्याइतकी आपुलकी दुसऱ्या कोणाला असणार? त्याच्या आधीचा, तिसरा प्रश्न याहून गोड आहे: या प्रकल्पामुळे पुढच्यांसाठी पायंडा पडेल काय? पुण्याच्या नदीत आजवर पायंडा पाडणारे एकही काम झालेले नाही. जी झाली ती सगळी अपवाद म्हणून झाली.

ज्यांना ‘नाही’ हे दोन अक्षरांचे उत्तर लिहिण्याचाही कंटाळा असेल त्यांचीही सोय आहे. २०,००० चौरस मीटरांच्या आतल्या बांधकामाला या अधिसूचनेखाली मंजुरीच लागत नाही. समजा, एका ओढ्याच्या काठावर दहा जणांनी प्रत्येकी १९,५०० चौरस मीटर बांधले. ओढ्याच्या दृष्टीने ते झाले १,९५,०००. एकाच माणसाने इतके बांधले असते तर ते दीड लाखाच्या वरच्या, टाउनशिपच्या वर्गात गेले असते. दहा जणांनी बांधले म्हणून ते कोणत्याच वर्गात गेले नाही. सहकाराची चळवळ महाराष्ट्रात रुजली म्हणतात ती ही अशी. बरे, मोठ्या वर्गात गेले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण बांधकामे आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे मागच्या रांगेतून एखादा भोई उठून “साहेब, पण मासा कुठं गेला?” असला विषयाला सोडून प्रश्न विचारण्याचा प्रसंग येत नाही.

पण या विद्येचे खरे तेज पाहायचे तर आधाररेषेकडे वळले पाहिजे. प्रकल्प सुरू होण्यापूर्वी नदी कशी होती याची नोंद म्हणजे आधाररेषा. प्रकल्पापूर्वी म्हणजे त्या एका प्रकल्पापूर्वी, हे ध्यानात ठेवावे. १९४२ साली फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. तिच्यातले कित्येक मासे पुढच्या सर्वेक्षणांना शहरातल्या पात्रात सापडले नाहीत. हळव्या स्वभावाची माणसे त्या यादीशी आजची नदी ताडून उसासे टाकतात. अहवाल लिहिणारा सल्लागार असल्या भानगडीत पडत नाही. तो हिवाळ्यात नदीवर जातो, बाटलीत पाणी घेतो, ते काळे असते, तो ‘काळे’ लिहितो. आता या प्रकल्पाने ते अधिक किती काळे होईल? काही विशेष नाही. पहिल्या प्रकल्पाने घालवलेला मासा दुसऱ्याच्या अहवालात मुळातच नसतो, आणि जो नव्हताच त्याला कोणी मारले हे विचारणे सभ्यपणाला सोडून आहे. अशा रीतीने नदी जितकी बिघडत जाते तितके तिच्यावरचे पुढचे काम निर्दोष होत जाते. पूर्ण मेलेल्या नदीवर कोणत्याही प्रकल्पाचा परिणाम शून्य येतो. त्या शून्याच्या आपण बरेच जवळ आलो आहोत.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये या सरकत्या आधाररेषेवर एक छोटा लेख लिहिला. मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला पाहिलेला समुद्रच मूळचा समजते आणि तिथून पुढचीच घट मोजते, असे त्याने दाखवले. त्याला ही व्याधी वाटली. आपण तिची कार्यपद्धती केली, आणि पिढी बदलण्याची वाटही पाहिली नाही. फाइल बदलली की पुरे.

मोजमापासाठी ऋतूही निवडून दिलेला आहे. बहुतेक प्रकल्पांच्या अहवालाला एका हंगामाची आकडेवारी चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा लागतो. सह्याद्रीत उगवणाऱ्या नदीचा अभ्यास पावसाळा वगळून करणे यातली सूक्ष्म दृष्टी वाखाणावी तेवढी थोडी. पहिले पाऊस झाले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट ओढ्या-नाल्यांत शिरतात. मावळ-मुळशीकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि रात्री बॅटऱ्या घेऊन पोरे ते धरायला जातात. जानेवारीत त्याच ओढ्यावर गेलेल्या सल्लागाराला कोरडा कातळ दिसतो. तो प्रामाणिकपणे लिहितो की, येथे जलचर आढळले नाहीत. मग कातळावर स्लॅब पडतो, ओढा बंदिस्त गटार होतो, आणि जूनमध्ये येणाऱ्या माशाला कोणी कळवलेले नसते एवढेच. पुण्यात असे ओढे पुष्कळ होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्या रात्रीच्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली आणि तेव्हा कित्येक पुणेकरांना कळले की, आपल्या सोसायटीमागे ओढा आहे.

बेरीज टाळायची तर वह्या वेगवेगळ्या हव्यात. उधारी करणारा हुशार माणूस एका वाण्याकडे खाते ठेवत नाही, दहा दुकानांत ठेवतो. कोणाच्याच वहीतला आकडा डोळ्यांत भरत नाही. मुळा-मुठेची खाती अशीच वाटून दिलेली आहेत. मुळेचे पाणी मुळशीला टाटांच्या धरणात अडते आणि वीज करण्यासाठी घाट उतरून भिऱ्याला, कोकणात जाते. ते खाते विजेचे. मुठेच्या खोऱ्यातली खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठवतात. ते खाते जलसंपदेचे. पावसाळा सरला की खडकवासल्याच्या खाली नदीत धरणाचे पाणी जवळजवळ येत नाही, जे वाहते ते शहराने वापरून परत केलेले असते. ते खाते महापालिकेचे, आणि पवनेकडून येणाऱ्याचे दुसऱ्या महापालिकेचे. छावण्यांची मंडळे वेगळी, गावांचे प्राधिकरण वेगळे, प्रदूषणाचे मंडळ वेगळे, मेट्रोची कंपनी वेगळी. एका महापालिकेच्या आतसुद्धा मैला, जलपर्णी आणि डास हे तीन विषय तीन टेबलांवर असतात. मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते, जलपर्णीच्या आडोशाला डास होतात, डासांसाठी गप्पी मासे सोडतात, आणि गप्पी हा दक्षिण अमेरिकेतला मासा इथे सुखाने नांदतो. तिलापिया आहे, आफ्रिकन मागूरही आहे. इथला मूळचा महाशीर दिसत नाही, पण नदीत मासे नाहीत असे कोणी म्हणू नये.

आता लिटरचे गणित. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला मर्यादा असते ती लिटरमागे. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, अशी सध्याची कडक अट घ्या. स्नानायोग्य नदीसाठी हीच मर्यादा ३ आहे. नदीत वरून स्वच्छ पाणी भरपूर येत असेल तर १० चे पातळ होऊन ३ होईलही. वरून काहीच येत नसेल तर दहाही केंद्रे नियमात, दहाही व्यवस्थापक निर्दोष, दहाही फलकांवर हिरवा आकडा, आणि त्यांच्यापासूनच बनलेली नदी मात्र नापास. या व्यवस्थेत एकच घटक कायदा मोडतो आणि तो म्हणजे नदी. तिला नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावायची याचा विचार मंडळाने करावा.

शास्त्रज्ञ याहून पुढे जाऊन गोंधळ घालतात. ते म्हणतात, पाण्यात परिणामांची साधी बेरीजही होत नाही. काठची झाडे गेली, पाणी तापले आणि सामू चढला की, त्याच मैल्यातल्या अमोनियाचा विषारी अंश वाढतो; मैला तेवढाच, मरतुक जास्त. बंधाऱ्यामागे पाणी थांबले, तळाचा प्राणवायू संपला की, गाळात वर्षानुवर्षे धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून वर येतो, म्हणजे उद्या मैला बंद केला तरी जलपर्णीचा शिधा चालूच राहतो. थोडक्यात, दोन आणि दोन कधी सात होतात. ज्या ठिकाणी बेरीज केली तरी ती बरोबर येणार नाही, तिथे ती न करण्यात खरा शास्त्रीय बाणा आहे.

शासकीय आकडेवारीही आपल्या बाजूने बोलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात; राज्यांत आपला पहिला नंबर. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर घसरला. महाराष्ट्राने ५५ करून दाखवले. ढोल-ताशे वाजवावेत अशी ही बातमी, पण वर्तमानपत्रांत आतल्या पानावर गेली.

६ मार्च २०२२ हा दिवस या विद्येच्या इतिहासात मोलाचा आहे. त्या दिवशी पुण्यात मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याच दिवशी नदीकाठ विकसनाच्या कामाचे भूमिपूजन झाले: ४४ किलोमीटर नदी, ११ तुकडे, सुमारे ४,७०० कोटी रुपये. आणि त्याच दिवशी सांडपाण्याच्या ११ केंद्रांचेही भूमिपूजन झाले. रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या त्या केंद्रांसाठी जपानशी कर्जाचा करार झाला होता जानेवारी २०१६ मध्ये. मेट्रोचा पुढचा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी धावू लागला; त्याचा जवळपास पावणेदोन किलोमीटरचा भाग मुठेच्या पात्रालगत आणि पात्रातून जातो. एक नदी, एक दिवस, एक मांडव आणि तीन स्वतंत्र फायली! काठ आधी की पाणी आधी, असा प्रश्न ज्यांना पडला त्यांना कळले नाही की, काठाच्या फायलीत पाण्याचा विषय येत नाही आणि पाण्याच्या फायलीत काठाचा. घाट तयार होतील तेव्हा त्यांच्यावर उभे राहून नागरिकांना दोन्ही फायलींची प्रगती एकाच वेळी हुंगता येईल.

याच शहराच्या वेशीवर, खडकवासल्याला, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली सुरू झालेली. देशभरच्या नद्या-बंदरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती तिथल्या आवारात बांधतात, त्यांत पाणी सोडतात आणि खांब, भिंत, भराव यांनी काय होते ते डोळ्यांनी पाहतात. म्हणजे बेरीज येत नाही म्हणून आपण टाळतो असे नाही, हे जगाला कळावे. जगातली उत्तम उपकरणे पंधरा-वीस किलोमीटरवर असताना बेरीज न करण्याला जो संयम लागतो तो वेगळाच.

त्या संयमाचा कस पुराच्या वेळी लागतो. मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेक विसर्गाला धरून आखलेली आहे, लाल रेषा १ लाखाला. पानशेत फुटून १९६१ च्या जुलैत जे झाले ते पाहिलेली माणसे अजून पेठांत आहेत. पुढे पात्रात रस्ता आला, भराव आला, खांब आले, संरक्षक भिंती आल्या, आणि रात्रीचे डंपर तर कोणत्याच अहवालात येत नाहीत. प्रत्येक कामाने पाण्याची पातळी वाढते ती काही सेंटिमीटरच, आणि सेंटिमीटरला घाबरणारे शहर स्मार्ट कसे होईल? मध्येच कोणी रसभंग करतो. विठ्ठलवाडीकडच्या पात्रातल्या रस्त्याचा भराव काढा, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये सांगितले. पण एकंदरीत काम चालू राहिले. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले होते, म्हणजे निळ्या रेषेच्या हिशेबाच्या निम्म्याहून थोडे अधिक, आणि सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत लोक तळमजल्यावरून गाद्या, गॅसच्या टाक्या, म्हातारी माणसे वर चढवत होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खात्याने आपापली फाइल उघडून पाहिली. कोणाच्याही फाइलीत पूर नव्हता.

परदेशांत या विद्येच्या बाबतीत अंधार आहे, की होता म्हणावे. विल्यम ओडम या अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये लिहिले की, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या खाजणांपैकी जवळजवळ निम्मी १९५० ते १९७० या वीस वर्षांत गेली. ती घालवण्याचा निर्णय कोणीच घेतला नव्हता, फक्त हजारो छोट्या मालकांनी आपापला तुकडा भरून घेतला. हे तो गाऱ्हाण्याच्या सुरात सांगतो. त्याआधीच, १९७८ मध्ये, तिथल्या सरकारने संचयी परिणामांची व्याख्या नियमांत घालून ठेवली होती. २०२० मध्ये ती काढली, २०२२ मध्ये परत घातली, आणि २०२५ मध्ये ते सगळे नियमच रद्द केले. आपल्याला एवढी उठाठेव करावी लागली नाही. भागीरथी-अलकनंदेच्या खोऱ्यात मात्र एकदा आपलाही तोल गेला. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१२ मध्ये तिथल्या ३९ प्रस्तावित जलविद्युत प्रकल्पांचा एकत्र विचार केला आणि २४ नकोत असे सांगून बसली. एकत्र पाहिले की हे असे होते. केदारनाथचा प्रलय होऊन गेल्यावर, ऑगस्ट २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयालाही त्याची दखल घ्यावी लागली.

पुण्याचा ऐवज मुळा-मुठेतून भीमेत जातो आणि उजनीत साठतो. आळंदीला इंद्रायणीवर येणारा फेसही तुळापूरला भीमेला मिळून तिथेच पोचतो. तो कोणाच्या हद्दीतून आला यावर वरच्या गावांचे एकमत होईपर्यंत तो खाली गेलेला असतो. उजनीची क्षमता ११७ टीएमसी आहे, त्यामुळे जागेची अडचण नाही. सोलापूर तेच पाणी पिते. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागा म्हणून लाखो वारकरी ज्यात उतरतात तेही बहुधा उजनीतून सोडलेले असते. पुण्याच्या एकाही प्रकल्पाच्या अहवालाची अभ्यासकक्षा तिथवर जात नाही. ती साधारण १० किलोमीटरच्या वर्तुळात संपते, आणि नदी वर्तुळाबाहेर वाहते हा नदीचा दोष आहे.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. पर्यावरण मंजुरीची पत्रे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. ती जरूर पाहावीत, मात्र एका वेळी एकच. आपल्या घरामागच्या ओढ्याच्या काठावरची सगळी पत्रे एकदम उतरवून घेऊ नयेत, त्यांतले सांडपाण्याचे आणि बांधकामाचे आकडे एकाखाली एक लिहू नयेत, आणि चुकून लिहिलेच तर तो कागद घेऊन नगरसेवकाकडे, प्रदूषण मंडळाकडे किंवा हरित न्यायाधिकरणाकडे जाऊ नये. तिसरीतल्या मुलालाही जमेल अशी ती बेरीज आहे, आणि म्हणूनच मुलांना सांभाळा.